थोरली

आमच्या घरात तिला नुसतं 'थोरली' म्हणतात. पणजोबांची पहिली बायको, माझ्या आजोबांची सख्खी आई. आजोबा दोन वर्षांचे असताना ती गेली. वय बावीस. माझी मुलगी आता चोवीसची आहे, म्हणजे माझी पणजी माझ्या मुलीहून लहान. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा हातातलं काम तसंच ठेवून मी बसून राहिले.

थोरलीचा फोटो नाही. माहेरचं नाव कुणाला ठाऊक नाही. तिच्याबद्दल जे आहे ते सगळं आत्याबाईंकडून आलेलं, म्हणजे पणजोबांच्या धाकट्या बहिणीकडून. त्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या आणि थोरलीच्याच कुशीत झोपायच्या. थोरली डावखुरी होती, त्यामुळे जात्यावर तिच्यासमोर बसणारीची पंचाईत व्हायची. आवाज जाडसर, पण ओवी धरली की शेजारची बाई आपलं दळण थांबवून ऐकायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना आत्याबाई हे सांगायच्या आणि सांगता सांगता डावा हात हवेत गोल फिरवायच्या.

तिच्या जाण्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "दसऱ्याला तिनं सगळ्यांना सोनं वाटलं. कोजागिरीला ती नव्हती." त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता. साल १९१८.

आणि घरात एक वाक्य होतं, शंभर वर्षं टिकलेलं: "ताप अंगावर काढला, नदीवर धुणी घेऊन गेली, कुणाचं ऐकलं नाही." आम्ही पावसात भिजून आलो की आजोबा स्वतः म्हणायचे, "थोरलीसारखं करू नका." स्वतःच्या आईबद्दल. मीही ते खरं मानत आले. हट्टी होती, गेली.

२०२० मध्ये घरात अडकून पडले असताना मी १९१८ च्या फ्लूच्या साथीबद्दल मिळेल ते वाचलं. आपल्याकडचं तिचं नाव मानमोडी. जून १९१८ मध्ये ती मुंबईत आली, पहिल्या फेरीत त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात परतली ती मात्र जीवघेणी होऊन. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेल्याची नोंद आहे. रेल्वेने, बाजारहाट करणाऱ्यांबरोबर ती गावोगाव पोचली. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना गाठतो. हिने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं नेली. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेलं. घरात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरत असेल ते सांगायला नको. देशभरातल्या मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातो. आपल्या जनगणनांमध्ये लोकसंख्या घटलेली दिसते ती एकदाच, १९२१ मध्ये.

हे वाचताना आत्याबाईंचं एक बोलणं आठवलं, ज्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. "घरात पाच अंथरुणं पडली होती. ती एकटी उभी." सासू, सासरे, दीर, नवरा आणि आत्याबाई स्वतः. मग ती धुणी कुणाची होती? आजाऱ्यांचीच. ती नदीवर गेली नसती तर कोण गेलं असतं? तिचे ओठ निळेजांभळे पडले होते, असंही आत्याबाई सांगायच्या. आम्हाला ते नदीच्या गारठ्याचं लक्षण वाटायचं. त्या साथीत फुप्फुसं भरून आलेल्या कितीतरी रुग्णांचा रंग असाच बदलत होता, हे मी चाळीस वर्षांनी वाचलं. तिला त्या पाण्याने मारलं नाही. माणसाला फ्लू देणारा विषाणूच मुळी सापडला १९३३ मध्ये. तिला वाचवणारं औषध तेव्हा कुठेही नव्हतं, आमच्या गावातही नाही, लंडनमध्येही नाही.

अंथरुणातले पाचही जण उठले. त्यांच्यापैकीच कुणीतरी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं असणार. मला त्याचा राग येतो, अजूनही. दुःखाला कारण हवं असतं हे कळतं, तरी येतो.

बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. गेल्या पितृपक्षात, अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी मी त्यांना हे सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि अण्णा जन्मभर तिला हट्टी म्हणत राहिले गं." अण्णा म्हणजे माझे आजोबा.

थोड्या वेळाने त्यांनी वंशावळीची वही मागितली. थोरलीच्या नावापुढे अण्णांच्या अक्षरात 'थंडी बाधून' असं लिहिलेलं आहे. बाबांनी ते खोडलं नाही, वडिलांचं अक्षर होतं. त्याखाली त्यांनी थरथरत्या हाताने लिहिलं: 'मानमोडी. घरातल्या पाच जणांची शुश्रूषा करताना.'