आमची वाटचाल : पालथ्या ठेवलेल्या फोनापासून

२०१७ च्या पावसाळ्यात कोथरूडला मामाच्या बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही दोघांनी काम सुरू केलं. मी डिझायनर, माझी वर्गमैत्रीण मानसशास्त्र शिकलेली. नोटाबंदी होऊन वर्षही झालं नव्हतं, जो तो ॲप काढत होता. आम्ही त्या ॲपचे स्क्रीन काढून द्यायचो, बिल लावायचो आणि पैशांसाठी तीन-तीन महिने फोन करत बसायचो.

वळण लागलं इचलकरंजीत. किराणा दुकानदारांसाठी उधारीच्या हिशेबाचं ॲप होतं. डाउनलोड भरपूर, पण दुसऱ्या आठवड्यात माणसं गायब. क्लायंट म्हणाला, फीचर वाढवू या. आम्ही म्हटलं, आधी चार दिवस दुकानात बसून बघतो.

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातच्या गर्दीत दुकानदार काकांनी एका गिऱ्हाइकाची उधारी टाकली. मोबाइल नंबराचे नऊच आकडे पडले आणि स्क्रीनवर लाल इंग्रजी अक्षरं आली : 'इनव्हॅलिड एंट्री'. काउंटरवर रेललेलं पोरगं म्हणालं, "काका, तुम्हास्नी न्हाई जमायचं ते." काका हसले, फोन गल्ल्याशेजारी पालथा ठेवला आणि तांबडी वही पुढे ओढली. दुकान बंद होईस्तोवर त्या फोनाला पुन्हा हात लागला नाही. चाळीस वर्षं तोंडी बेरीज करणारा माणूस, त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर आमच्या धंद्यानं अडाणी ठरवलं होतं.

आम्ही एकही फीचर वाढवलं नाही. लाल रंग काढला. 'एक आकडा कमी दिसतोय, नंतर टाकला तरी चालेल' असं लिहिलं आणि नंबर अपुरा असला तरी उधारी जतन होऊ दिली. यातलं शेवटचं महत्त्वाचं. नुसती गोड भाषा लावून काम अडवून ठेवलं तर माणूस दुप्पट चिडतो.

मैत्रिणीनं आणखी एक स्क्रीन घालायला लावली : दुकान बंद करताना आजची वसुली, मोठ्या आकड्यात. तिच्या डोक्यात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग होता. लोकांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात ठेवला. दुसऱ्यांदा तेवढंच, वर आणखी ३० सेकंद, फक्त त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. शेवट जरा बरा झाला होता ना! किराणावाल्याचा अख्खा दिवस गार पाण्यातच जातो. शेवटची ३० सेकंदं तेवढी आमच्या हातात होती.

तेव्हापासून क्लायंटकडे आम्ही पहिल्यांदा एकच आकडा मागतो : चूक दाखवल्यानंतर किती जण परत आले? बहुतेकांनी तो कधी मोजलेलाच नसतो.

आज आम्ही सात जण आहोत. मधे कोविडमध्ये तीनच उरलो होतो. तेव्हाच शिकवणीच्या ॲपचं एक काम आलं. वर्गणी बंद करायच्या पानावर त्यांना बटण हवं होतं : 'नको, मुलाची प्रगती महत्त्वाची नाही'. खोटं कशाला सांगू, पगार तटले होते, पहिला आराखडा आम्ही करून दिला. दुसऱ्या बैठकीच्या आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला, "हे पान माझ्या आईला दिसलं तर?" काम सोडलं, आगाऊ रक्कम हप्त्यांनी परत केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ 'डार्क पॅटर्न्स'ची, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवून हवं ते करवून घेणाऱ्या युक्त्यांची, यादी काढली, त्यात ग्राहकाला असं शरमिंदा करणंही आहे. आता कंपन्या स्वतःहून विचारतात, आमचं पान तपासून द्याल का? देतो. तपासणीचे पैसे मात्र आधी घेतो.

गेल्या दिवाळीत इचलकरंजीला गेलो होतो. काका ॲप सराईतपणे वापरतात, पण गल्ल्यावर फोनाखाली तांबडी वही आहेच. म्हटलं, आता ही कशाला?

"मग लक्ष्मीपूजनाला काय मोबाइल पुजू?"