ओपणीपासून पोलादी गोळ्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात हाताने घडवलेले चांदीचे दागिने होतात. पैंजण, जोडवी, बुगड्या, झुबे, साखळ्या. अलीकडे ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीच्या अंगठ्याही. सोन्याचं काम थोडं. हुपरी-कोल्हापूरच्या पट्ट्यातल्या कुठल्याही लहान कारखान्यासारखी इथलीही चकाकी आधी रिठ्याचं पाणी, पितळी तारांचा ब्रश आणि ओपणी यांच्यावरच होती. ओपणी म्हणजे अकीकाचं नाहीतर पोलादाचं गुळगुळीत टोक. साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि दाबून फिरवायचं. ती धातू खरवडत नाही, चेपते. चेपलेला पृष्ठभाग उजळतो.

आता हे काम टंबलिंगने होतं : फिरत्या ड्रममध्ये दागिने आणि मीडिया, म्हणजे घासायच्या गोळ्या, शंकू किंवा चुरा, एकत्र घालून फिरवायचे. ड्रममधल्या पोलादी गोळ्या ओपणीचंच काम करतात, फक्त शेकडो ओपण्या एकदम चालतात. हे समजलं की टंबलिंगचा मीडिया निवडणं सोपं होतं. मीडिया दोन जातींचा : चेपणारा आणि कापणारा. पोलाद चेपतं. सिरॅमिक आणि प्लास्टिकचे शंकू कापतात. अक्रोडाच्या सालीचा चुरा स्वतः काहीच करत नाही, त्याला लावलेली पेस्ट काम करते. कानशीचा ओरखडा घालवायचा असताना पोलाद वापरलं तर चकचकीत ओरखडा मिळतो.

आम्ही पोलादापासून सुरुवात केली आणि आजही सत्तर टक्के माल त्यातूनच जातो. दीड किलो क्षमतेच्या रबरी ड्रमला आमचं माप असं : १ किलो गोळ्यांचं मिश्रण, १०० ते १५० ग्रॅम दागिने, गोळ्यांच्या वर दोन बोटं येईल इतकं पाणी, आणि भांड्यांच्या साध्या लिक्विडचे चार-पाच थेंब. ड्रम पाऊणपेक्षा जास्त भरायचा नाही, आतला माल घरंगळायला जागा लागते. साबण जास्त झाला तर फेसाची गादी होते आणि गोळ्यांचा मार बसत नाही. कमी झाला तर धातूवर धातू कोरडा घासून काळपट थर येतो. लिंबाचा अर्क असलेलं किंवा कुठलंही आंबट लिक्विड नको, साध्या पोलादाला लगेच गंज धरतो.

मिश्रणात तीन आकार हवेत. ३ मिलिमीटरच्या गोळ्या मोकळ्या सपाटीवर काम करतात. तिरप्या कापलेल्या पिना कोपऱ्यांत शिरतात. मधे कडा असलेल्या, उडत्या तबकडीसारख्या गोळ्या खड्याच्या घराची कड आणि झाळलेल्या सांध्याची खाच गाठतात. नुसत्या गोल गोळ्या स्वस्त मिळतात म्हणून घेतल्या, तर बुगडीची वरची बाजू लखलखते आणि खाचा मळकट राहतात.

साधं पोलाद की स्टेनलेस, या प्रश्नावर आमचं मत पक्कं आहे : पहिल्यापासून स्टेनलेस. साधं पोलाद घेताना स्वस्त, पण एक रात्र ओलं राहिलं की गंजतं, आणि गंजलेली खडबडीत गोळी चांदीवर बारीक खड्डे पाडते. खरेदीच्या वेळी चुंबक लावून पारख करणारे फसतात. ३०४ स्टेनलेसची तार ओढून पिन केली की तीही चुंबकाला थोडी ओढली जाते, त्यामुळे ‘चिकटलं म्हणजे लोखंड’ हे इथे चालत नाही. मूठभर गोळ्या ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवा, उत्तर मिळतं.

नव्या गोळ्यांवर तेल असतं आणि नवा रबरी ड्रमही काळं सोडतो. दागिने न घालता साबणपाण्यात अर्धा-अर्धा तास फिरवायचं, पाणी बदलायचं, फेस पांढरा येईपर्यंत. चालू कामातही फेसाचा रंगच खरं सांगतो. पांढरा असेल तर चालू द्या. करडा झाला तर थांबवा, पाणी बदला. काळा आला तर चारांपैकी एक कारण असतं : गंज, साबण संपला, झाळल्यावर दागिना साफ करायचं तेजाब (पातळ आम्ल) नीट धुतलं गेलं नाही, किंवा कापणाऱ्या मीडियाची पूड कुठूनतरी आत आली. हलका गंज आणि मळ काढायला गोळ्या वीस मिनिटं गॅस उडालेल्या कोलात फिरवल्या तरी चालतं, त्यातलं फॉस्फोरिक आम्ल ते काम करतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरपूर धुवायच्या.

वेळ : नाजूक तारकाम ३० ते ४५ मिनिटं, पैंजणाच्या कड्या आणि अंगठ्या दीड ते दोन तास. तीन तासांत उजळला नाही तो दागिना सहा तासांतही उजळत नाही, कारण चूक ड्रमच्या आधी झालेली असते. पॉलिश पेपर ४००, ६००, ८०० नंबर असा पायरीने चालवलेला नसतो, नाहीतर ९२५ चांदीत आगीचा डाग असतो. तापवताना चांदीतल्या तांब्याचं ऑक्साइड पृष्ठभागाखाली बसतं. जांभळट-करडी ती छटा पोलादी गोळ्या काढत नाहीत. भोवतालची चांदी उजळली की उलट जास्तच दिसते. ती कागदाने किंवा कापणाऱ्या मीडियानेच जाते. झाळण्यापूर्वी सगळ्या अंगाला टाकणखार लावला तर बराचसा डाग टळतो.

तेजाबाचं एक वेगळं सांगायला हवं. दागिना तेजाबातून काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवायचा, मगच ड्रममध्ये. उलटा प्रवासही धोक्याचा. घुंगरात किंवा कडीत एखादी पोलादी पिन अडकली असताना दुरुस्तीसाठी दागिना वापरलेल्या तेजाबात गेला, तर त्यात विरघळलेलं तांबं चांदीवर चढतं आणि अख्खा घाणा गुलाबी होतो. आता आमच्याकडे ड्रममधून आलेला प्रत्येक घुंगरू कानाशी हलवून ऐकला जातो.

कापणारा मीडिया आम्ही उशिरा आणला, आणि तोही जपून वापरतो. सिरॅमिक ओतीव मालाला ठीक. हातकामाच्या ०.४–०.५ मिलिमीटर पत्र्यावर तो नक्षीच्या कडा गोल करतो. ज्या ठशासाठी गिऱ्हाईक पैसे देतं तोच बोथट होतो. म्हणून आम्ही व्हायब्रेटरमध्ये (ड्रमसारखं फिरण्याऐवजी थरथरणाऱ्या भांड्यात) प्लास्टिकचे ८–१० मिलिमीटरचे शंकू चालवतो. आकारमानाने तीन भाग मीडियाला एक भाग दागिने, पातळ पत्रा असेल तर पाच-सहाला एक. दागिने जास्त झाले की ते मीडियाऐवजी एकमेकांवर आपटतात आणि पोचे पडतात. वेळ चार ते आठ तास, पण दर तासाला एक नग काढून भिंगाखाली बघायचा. जड कडी आणि नाजूक झुबे एका घाण्यात कधीच नाहीत.

आकाराचा नियम असा की मीडियाचा तुकडा दागिन्याच्या भोकापेक्षा मोठा हवा, नाहीतर भोकाच्या एक तृतीयांशाहून लहान. मधल्या मापाचे दोन तुकडे एकदम शिरतात आणि पाचर बसते. शंकू झिजून लहान होत जातात, म्हणून महिन्यातून एकदा चाळणीने चाळून बारीक झालेले बाजूला काढावे लागतात.

कापणारा मीडिया आणि पोलाद एका ड्रममध्ये आळीपाळीने वापरणं ही सगळ्यात महागडी काटकसर. ड्रमच्या रबरात घासणीचे कण रुततात, पुढच्या घाण्यात ते गोळ्यांना ओरखडतात, आणि मग त्या गोळ्या प्रत्येक दागिन्याला. ड्रम वेगळे, चाळण्या वेगळ्या, बादल्याही वेगळ्या. दोन पायऱ्यांच्या मधे दागिने साबणाने आणि ब्रशने धुवायचे.

कापणाऱ्या मीडियाच्या पायरीत धातू जातो हेही लक्षात ठेवायचं. गाळ मोरीत सोडत नाही. पिंपात बसू देतो, वाळवून झारेकऱ्याला, म्हणजे गाळातून धातू वेगळा काढणाऱ्याला, देतो. २२ कॅरेट सोन्याचं काम असेल तर घालण्याआधी आणि काढल्यावर वजन वहीत लिहायचं. सोन्यासाठी आम्ही शक्यतो पोलादच वापरतो, त्यात घट जवळपास नसते.

अक्रोडाचा चुरा लाल पेस्ट लावून सुका चालतो, १२ ते २४ तास. झळाळी खोल येते, पण चुऱ्याची भुकटी आणि तेलकटपणा नक्षीत घट्ट बसतो आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या) मशीनशिवाय निघत नाही. साध्या गोट अंगठ्यांना उत्तम, जाळीकामाला ताप. मक्याच्या बुरकुंडाचा चुरा आम्ही फक्त वाळवायला ठेवलाय : धुतल्यावर १५ मिनिटं, की पाण्याचे डाग पडत नाहीत. तो ओलसर राहिला की बुरशी धरतो.

जाळीकाम आणि बारीक साखळ्यांसाठी चुंबकी मशीन आहे. त्यात ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीच्या, ५ मिलिमीटर लांबीच्या स्टेनलेस पिना उसळतात; १५ ते २० मिनिटांत कडीच्या आतलाही काळपटपणा जातो. मात्र सपाट, रुंद भागावर आरशासारखं पॉलिश येत नाही, बारीक धुरकट पोत येतो. असा नग नंतर अर्धा तास पोलादी गोळ्यांत टाकायचा.

मशीन घेताना आधी मीडिया ठरवावा, कारण खरा फरक वजनाचा. एक लिटर पोलादी गोळ्या साडेचार-पाच किलो भरतात, सिरॅमिक दीड किलोच्या आसपास, अक्रोडाचा चुरा पाऊण किलो. सिरॅमिकसाठी बनवलेल्या ५ लिटरच्या व्हायब्रेटरमध्ये अर्ध्यापर्यंत पोलाद भरलं तर बारा किलोंचा भार होतो. आधी स्प्रिंगा बसतात, मग मोटर.

काही गोष्टी आमच्याकडे ड्रमजवळ येतच नाहीत : मोती, पोवळं, पिरोजा, ओपल, पाचू, मीनाकाम, मागे वर्ख असलेले कुंदनाचे खडे. ठुशीचे आणि साजाचे लाख भरलेले मणीही नाहीत. भोकातून पाणी शिरतं आणि पातळ पत्र्याला पोचे येतात. नथीचं सोनं आधी उजळायचं, मोती नंतर गुंफायचे. माणिक, नीलम, क्यूबिक झिर्कोनिया घट्ट बसवलेले असतील तर पोलादात चालतात, पण बाहेर आल्यावर प्रत्येक खडा सुईने हलवून बघायचा.

ऑक्सिडाइज पैंजणांना आधी पूर्ण उजळा द्यायचा, मग काळं करायचं, मग फक्त आठ-दहा मिनिटं पोलादात. उठावाचा भाग पांढरा होतो, खाचेत काळं राहतं. पाचव्या मिनिटाला एक नग काढून बघा. पंधरा मिनिटं झाली तर काळं पुन्हा चढवावं लागतं.