कोऱ्या लाकडी पट्ट्यांसाठी मॅट फिनिश निवडताना

दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीलगतच्या पट्ट्या कोऱ्या लाकडाच्या असतील, तर चकाकीपेक्षा लाकडाच्या शिरा डोळ्यांत भराव्यात, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच मी पारदर्शक मॅट फिनिशच्या बाजूचा आहे. मात्र चमक किती हवी यापेक्षा लाकडाचा रंग कसा हवा, हे आधी ठरवावे. तेलावर आधारित पॉलीयुरेथेन (वार्निशसारखा पारदर्शक लेप) लाकडाला मधासारखी छटा देते आणि ती काळाबरोबर गडद होत जाते. पाण्यावर आधारित पॉलीयुरेथेन जवळजवळ रंगहीन राहते, लवकर वाळते आणि त्याला वासही कमी असतो. पाइन किंवा मेपलचा फिकेपणा जपायचा असेल तर मी तेच निवडीन; अक्रोडाच्या गडद लाकडावर मात्र ते निस्तेज दिसू शकते.

मॅटपणा येतो तो फिनिशमध्ये मिसळलेल्या, बहुधा सिलिकाच्या, अतिसूक्ष्म भुकटीमुळे. ती पृष्ठभाग किंचित खडबडीत करते, त्यामुळे प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी विखुरतो. हीच भुकटी डब्याच्या तळाशी बसते. म्हणून फिनिश तळापासून हळूहळू ढवळावे, डबा हलवू नये, कारण त्याने बुडबुडे होतात. नीट न ढवळल्यास एक पट्टी चमकदार आणि दुसरी धुरकट निघते. मॅटचेच अनेक थर चढवले तर, विशेषतः गडद लाकडावर, शिरांवर धूसर पडदा आल्यासारखे वाटते. त्यामुळे खालचे हात त्याच प्रकारच्या ग्लॉस, म्हणजे चकचकीत, फिनिशचे द्यावेत आणि फक्त शेवटचा हात मॅटचा द्यावा, ही पद्धत मला सर्वांत पटते.

दाराच्या कडेला सतत हात लागतो, तिथे मॅट पृष्ठभाग घासला जाऊन हळूहळू चकाकू लागतो. अशा ठिकाणी सॅटिन, म्हणजे मॅट आणि ग्लॉस यांच्या मधली मंद चमक असलेले फिनिश, घेणे अधिक शहाणपणाचे.

पाण्यावर आधारित फिनिशने लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून आधी ओलसर फडके फिरवून, लाकूड पूर्ण वाळल्यावर 220 नंबरच्या सँडपेपरने हलकेच घासावे. स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा घासायचा बोळा) मात्र टाळावे, कारण त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके पडतात. अंतिम निर्णय त्याच लाकडाच्या तुकड्यावर सगळे हात देऊन, तो त्याच खोलीत, पट्टी जिथे बसणार आहे तिथल्या उजेडात धरून घ्यावा.