क्रियापदाच्या टोकाशी असलेली प्रेमकथा

सोलच्या उत्तर भागात, भुयारी रेल्वेच्या चार क्रमांकाच्या मार्गावर, सांगमुन नावाचे स्थानक आहे. ‘रिप्लाय १९८८’ ही कोरियन मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नाव वेगळे सांगायला नको, कारण त्या मालिकेतली पाच कुटुंबे याच सांगमुन-दोंगच्या एका गल्लीत राहतात. कोल्हापूरला एम.एस्सी. करून मी संशोधनासाठी इकडे आले, तेव्हा परवडेल अशी खोली नेमकी याच भागात मिळाली, आणि करारावरचा पत्ता वाचून माझा आनंद गगनात मावेना. तोपर्यंत मी चाळीसएक कोरियन मालिका इंग्रजी सबटायटलच्या आधाराने पाहिल्या होत्या. त्यामुळे या मालिकांमधले प्रेम कसे सुरू होते, कुठे अडते आणि कितव्या भागात मार्गी लागते, हे आपल्याला पुरते कळले आहे, असे मी धरून चालले होते. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आले की मी त्या मालिका निम्म्याच पाहिल्या होत्या.

माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत आणि मी त्यांना ‘हालमोनी’, म्हणजे आजी, म्हणते. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री त्यांनी मला मालिका पाहायला वरच्या मजल्यावर बोलावले. खालून तापवलेल्या जमिनीवर पायांवर रजई घेऊन आम्ही बसलो होतो आणि मध्ये जेजू बेटावरच्या संत्र्यांची परडी होती. पडद्यावर विशेष काही घडत नव्हते. एकाच कार्यालयात काम करणारे दोघे बसथांब्यावर उभे होते, बर्फ भुरभुरत होते, आणि तो तिला “थंडी वाजते का?” एवढेच विचारत होता. आजींनी मात्र अर्धे सोललेले संत्रे परडीत ठेवले, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, “ठेवलं बघ, बोलणं खाली ठेवलं त्यानं!”

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ समजायला मला थोडा वेळ लागला. कोरियन भाषेतही मराठीप्रमाणे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि समोरच्या माणसाशी आपले नाते काय आहे हे त्या क्रियापदाच्या टोकावरून ठरते. थंडी वाजते का, हे आदराने विचारायचे तर ‘चुवोयो’ म्हणायचे आणि जवळच्या माणसाला विचारायचे तर नुसते ‘चुवो’. पहिल्या प्रकारच्या बोलण्याला जोन्देमाल म्हणतात आणि दुसऱ्याला बानमाल. पाच भाग तो तिच्याशी न चुकता ‘यो’ लावून बोलत आला होता आणि त्या बसथांब्यावर तो एक ‘यो’ गळून पडला. आदराचे बोलणे सोडून जवळिकीच्या बोलण्यावर येण्याला कोरियनमध्ये ‘बोलणे खाली ठेवणे’ असाच शब्दप्रयोग आहे. डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी तसे बोलणे उतरवून ठेवणारी ही कल्पना मला फार सुंदर वाटते. त्या प्रसंगात ना मिठी होती ना कबुली, पण आजींच्या लेखी त्या भागातली सर्वांत मोठी घटना घडून गेली होती. तोच प्रसंग मी नंतर सबटायटलसह पाहिला. इंग्रजीत अर्थातच तिथे काहीच घडले नव्हते. हिंदी डबिंगचीही अशीच गत मला बऱ्याचदा दिसली आहे. ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तू’ अशा तीन पायऱ्या हाताशी असूनही नायक-नायिका पहिल्या भेटीपासून ‘तुम’वर उतरतात आणि चढायला किंवा उतरायला काही शिल्लकच राहत नाही.

हे सर्व मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच या मालिका आपण अधिक कान देऊन ऐकाव्यात असे मला मनापासून वाटते. इथली बायको नवऱ्याचा उल्लेख ‘उरी नाम्प्योन’, म्हणजे शब्दशः ‘आमचा नवरा’, असा करते. आपल्याकडच्या ‘आमचे हे’ची ती सख्खी बहीण आहे. ‘रिप्लाय १९८८’च्या गल्लीत बायका एकमेकींना मुलांच्या नावाने, ‘सन-ऊची आई’ अशी हाक मारतात, आणि पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी या घरातून त्या घरात भाजीची भांडी घेऊन पळणारी मुले पाहिली की चाळीत वाढलेल्या कोणालाही आपली वाटी आठवेल. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडलेली नायिका तिथल्या एका सैनिकी अधिकाऱ्याला ‘री जंग-ह्योक श्शी’ अशी पूर्ण नावानिशी आणि आदराचा प्रत्यय लावून हाक मारते. प्रेमात पडल्यावरही तिने ती हाक सोडली नाही आणि त्या लांबलचक हाकेतच सगळा जिव्हाळा भरला. ज्या मालिकेला जग ‘माय मिस्टर’ म्हणून ओळखते तिचे मूळ नाव ‘माझे आजोश्शी’ असे आहे, आणि आजोश्शी म्हणजे अनोळखी मध्यमवयीन पुरुषाला मारायची, आपल्या ‘काका’सारखी हाक. त्या दोघांमध्ये प्रेमप्रकरण नाही, तरीही ती हाक ऐकताना आतून हलायला होते.

एवढ्या बारीक गोष्टीवर कथानक उभे राहू शकते, कारण या मालिकांना शेवट असतो. साधारण सोळा भाग, आठवड्यातून दोन रात्री, प्रत्येक भाग तासाभराचा किंवा थोडा अधिक, आणि दोन महिन्यांत गोष्ट संपते. आपल्याकडची रोजची मालिका कधी संपणार हे तिच्या लेखकालाही ठाऊक नसते. त्यामुळे नायक-नायिकेची जवळीक दर काही महिन्यांनी मोडून पुन्हा जुळवावी लागते आणि एका शब्दाला वजन राहत नाही. शेवट माहीत असलेला लेखक मात्र पाच भाग वाट पाहायला लावू शकतो आणि सहाव्यात एकच अक्षर काढून घेऊ शकतो.

योगायोगांचा सोस मात्र मला खटकतो. २००२ साली आलेल्या आणि पुढे जपानला वेड लावणाऱ्या ‘विंटर सोनाटा’मध्ये अपघात, स्मृतिभ्रंश आणि आपण भावंडे तर नाही ना ही शंका, असे सगळे एकत्र आले होते. त्यानंतर कितीतरी मालिकांनी नायक-नायिका लहानपणीच एकदा भेटले होते असे शेवटी उघड करून प्रेमाचे श्रेय नशिबाला देऊन टाकले. ‘क्रॅश लँडिंग’ मला अतिशय आवडते, पण ती दोघे पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये एकमेकांच्या वाटेवर येऊन गेली होती, हा धागा नसता तरी त्यांचे प्रेम तसूभर कमी झाले नसते. सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे त्यांनी एकमेकांसाठी जे केले, ते पुरेसे होते.

म्हणूनच ‘रिप्लाय १९८८’च्या अठराव्या भागातला रहदारीच्या दिव्यांचा प्रसंग मला या सगळ्या परंपरेला दिलेले उत्तर वाटतो. मालिकेची नायिका दोक-सन एका गायकाच्या कार्यक्रमाच्या दारात एकटीच उभी आहे हे तिच्यावर मनातून प्रेम करणाऱ्या, गल्लीतल्याच जंग-ह्वानला कळते आणि तो गाडी काढतो. वाटेत एकामागून एक लाल दिवे लागत जातात, आणि तो पोहोचतो तेव्हा त्याच गल्लीतला, तिच्यावरच प्रेम करणारा तेक आधीच तिच्यासमोर उभा असतो. दुसरी कोणतीही मालिका इथे दैवाला दोष देऊन थांबली असती. इथे जंग-ह्वान स्वतःशी कबूल करतो की आपल्याला दिव्यांनी अडवले नाही, आपणच वर्षानुवर्षे कचरत राहिलो. तेक मात्र आपला बदुकचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाचा, डाव सोडून, हार पत्करून आला होता. मी जंग-ह्वानच्या बाजूची आहे आणि तो भाग पाहिल्यानंतर दोन दिवस मला चैन पडले नव्हते, पण लेखिकेचा निर्णय योग्य आहे हे मला मान्य करावे लागते.

याच मालिकेत प्रेमात पडलेल्या बो-रा आणि सन-ऊ यांच्या लग्नाच्या वाटेत येणारा अडथळा मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. दोघांचेही आडनाव संग आणि दोघांचे कूळही एकच, आणि कोरियातल्या जुन्या कायद्यानुसार एकाच आडनावाच्या व एकाच मूळगावाच्या कुळातल्या दोघांना विवाह करता येत नसे. गिम्हे गावच्या किम या एकाच कुळात चाळीस लाखांहून अधिक माणसे आहेत, यावरून किती जोडप्यांची वाट या नियमाने अडवली असेल याची कल्पना यावी. १९७८, १९८८ आणि १९९६ या वर्षी अशा जोडप्यांना तात्पुरती सवलत मिळाली, १९९७ मध्ये घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे सगोत्र विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९४६ साली, आणि तरीही पत्रिका हातात घेतल्यावर आधी गोत्र विचारणारी घरे मी कोल्हापुरात पाहिली आहेत. त्यामुळे त्या दोन संग घरांमधला ताण मला परका वाटला नाही.

२०२५ साली आलेल्या आणि जेजू बेटावर घडणाऱ्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टॅन्जरिन्स’मध्येही आपल्याला ओळखीचा वाटेल असा एक प्रसंग आहे. पुरुष एका मेजाशी आणि बायका दुसऱ्या मेजाशी जेवतात, अशा घरात नायक ग्वान-शिक बसल्या जागी वळतो, पुरुषांच्या मेजाकडे पाठ करतो आणि बायकोच्या मेजाशी जेवू लागतो. आधी पुरुषांची पंगत उठायची आणि मग उरलेल्यावर बायका बसायच्या, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या वळण्याचे मोल कोणी सांगायला नको. मी तो प्रसंग आजींबरोबर पाहिला, आणि पुढची काही मिनिटे आम्ही दोघीही काही बोललो नाही.

कोल्हापूरला माझी आई हिंदी डबिंगमधल्या कोरियन मालिका पाहते आणि दर रविवारी फोनवर आमची त्यावर चर्चा होते. त्या बसथांब्याची मालिका पुढे तिच्यापर्यंतही पोहोचली, पण मी इतके कौतुक केलेल्या भागात तिला काहीच सापडले नाही. “अगं, थंडी वाजते का एवढंच तर विचारलं त्यानं,” ती म्हणाली. मग मी तिला तो गळलेला ‘यो’ समजावून सांगितला आणि म्हटले, की इतके दिवस तो तिला ‘अहो, थंडी वाजते का तुम्हाला’ असे विचारत होता आणि त्या रात्री पहिल्यांदा ‘अगं, थंडी वाजते का’ म्हणाला. माझी आई अडतीस वर्षे बाबांना ‘अहो’ म्हणत आली आहे. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग तिने विचारले, “चारचौघांत म्हणाला, की दोघंच होते तेव्हा?”

“दोघंच होते.”

“मग अजून वेळ आहे,” आई म्हणाली.