आज ‘०.०२ जास्त आहे’ ऐकलं

आंबेगावच्या आदिवासी भागातला एक पोरगा दोन महिन्यांपासून भोसरीत माझ्या हाताखाली लेथचं (धातू कातायच्या मशिनचं) काम शिकतोय. कातकरी. नववीत शाळा सुटली, मग घरच्यांबरोबर वीटभट्टी.

पहिल्या दिवशी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला तर धरायलाच घाबरला. “सर, मोडला तर?” आज त्याने स्वतःहून जॉब (मशिनवर कातलेला भाग) पुसला, मोजला, परत मोजला आणि म्हणाला, “०.०२ जास्त आहे.” म्हणजे मिलिमीटर. मी तपासलं. बरोबर! खरंच भरून आलं.

कोलाम आणि माडिया गोंडांसारखाच कातकरी समाजही सरकारदरबारी ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी गटात मोडतो. योजना आहेत, पण जातीच्या दाखल्यासाठी याच्या वडिलांची मजुरी कितीदा बुडाली ते मी पाहिलंय. आणि पोरं काम जमत नाही म्हणून परत जात नाहीत हो. पहिला पगार हातात येईपर्यंतचं खोलीभाडं, मेस, आणि संध्याकाळी बोलायला कुणी नसणं, यानं जातात. म्हणून रोज सुट्टी झाली की आम्ही दोघं टपरीवर चहा घेतो. मशिनचा विषय तेव्हा काढायचा नाही.

दिवाळीनंतर अजून दोघं येतायत. भोसरी-मोशीकडे कॉट बेसिसवर जागा असेल तर कृपया कळवा.