त्या रात्री काय झालं, हे मी विचारलंच नाही

फेब्रुवारीत इथल्या आरोग्य विभागाचं पत्र आलं. मुलीच्या लसीकरणाची नोंद अपुरी आहे, दिलेल्या तारखेपर्यंत ती पूर्ण झाली नाही तर तिला शाळेत बसता येणार नाही. कॅनडातल्या या ऑन्टारियो प्रांतात हा कायदा १९८२ पासून आहे आणि मला तो माहीत होता, तरी पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीची लस राहिली? जिची आजी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ३१ वर्षं सिस्टर होती, तिची?

कार्ड काढलं. अमळनेरहून निघताना आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलेलं, तिच्याच अक्षरातलं. बीसीजी, पोलिओ, पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआर म्हणजे गोवर-रुबेलाची, सोळाव्या महिन्यात दुसरी एमआर. सगळ्या लसी सरकारी, सगळ्या वेळेवर. ते कार्ड घेऊन मी तावातावाने दवाखान्यात गेले.

तिथल्या नर्सने कार्ड पूर्ण पाहिलं, मराठीत काय लिहिलंय ते मला विचारून घेतलं. मग म्हणाली, गोवर आणि रुबेला दिसतायत, पण गालगुंड कुठे दिसत नाही. खरंच होतं. आपल्या सरकारी कार्यक्रमात एमआर आहे, त्यात गालगुंडाची लस नाही. इथे गोवर, गालगुंड, रुबेला तिन्ही एकत्र देतात आणि शाळेला तिन्ही लागतात. गालगुंडाची सुटी लस इथे मिळत नाही, म्हणजे पुन्हा तिन्ही टोचायच्या.

“गोवराची तिसऱ्यांदा?” माझा आवाज चढला. जास्तीच्या डोसाने काही बिघडत नाही हे मला ठाऊक होतं, तरी चढला.

तिने पेन खाली ठेवलं. “तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटतेय?” एवढंच विचारलं आणि गप्प बसली. खरोखर गप्प बसली, मला बोलू दिलं. मी म्हटलं, काळजी लसीची नाही, माझ्या आईच्या कामावर कुणी शंका घेतंय असं वाटतंय. ती म्हणाली, या सगळ्या तारखा मी जशाच्या तशा नोंदवून घेते, यातलं काहीच वाया गेलेलं नाही. मग, “गालगुंडाबद्दल थोडं सांगू का?” आधी परवानगी मागितली, मग सांगितलं. लस दहा मिनिटांत झाली.

गाडीत येऊन बसले आणि मला माझी वहिनी आठवली.

चुलतभावाची बायको, पारोळ्याजवळ गावी असते. तिचं बाळ दहा महिन्यांचं झालं तरी एमआर दिली नव्हती. आशाताई दोनदा येऊन गेल्या. वहिनी दोन्ही वेळा म्हणाली, बाळाला सर्दी आहे. मला आईकडून कळलं आणि मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. तिने मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं, लसीने मुलं बोलायची थांबतात म्हणून. मग काय, मी सुरूच झाले. तो सगळा गोंधळ १९९८ साली वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने १२ मुलांवरच्या, लसीला स्वमग्नतेशी जोडणाऱ्या एका लेखाने घातला, तो लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी त्याची वैद्यकीय नोंदणीही गेली. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराने मुलं गेली ते विसरलीस का? कॅनडा १९९८ पासून गोवरमुक्त होता. २०२५ मध्ये एकट्या ऑन्टारियोत दोन हजारांवर रुग्ण झाले आणि नोव्हेंबरात देशाचा तो दर्जाच गेला. शंभरातल्या ९५ मुलांना लस लागते, तेव्हा कुठे गोवर थांबतो. सगळं खरं होतं. एक अक्षर चुकीचं नव्हतं, आजही मी त्यातलं काही मागे घेणार नाही.

ती एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही तिकडे राहता.” आणि रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून माझे मेसेज वाचते, उत्तर देत नाही.

मला राग होता आणि त्या रागाला कारणही आहे. इथे मी असे आईबाप पाहते ज्यांना काही म्हणजे काही कमी नाही. दवाखाना दहा मिनिटांवर, लस फुकट, पायाखाली रस्ता. तरी ‘आमच्या विवेकाला पटत नाही’ असं लिहून, आरोग्य विभागाचं एक सत्र ऐकून, सही करून ते मोकळे होतात. मुलगा शाळेत माझ्या मुलीशेजारी बसतो. आणि माझी आई? खांद्याला लसीची पेटी, आत बर्फाच्या चार पिशव्या, नाल्यातून साडी वर खोचून पाड्यावर जायची. एमआरची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. त्यामुळे चार तासांत किती घरं होतील याचं गणित तिच्या डोक्यात कायम. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीला परत येतात म्हणून ती होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात जाऊन पोरं शोधायची. ज्या देशात हे करावं लागत नाही, तिथे लस नाकारलेली पाहिली की मला सहन होत नाही. त्यात माझ्याच घरातलं माणूस नको म्हणतंय म्हटल्यावर तोंड सुटलं.

दवाखान्यातून आले त्या रात्री आईला फोन केला. तू पाड्यावर कशी बोलायचीस, हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. गोवर म्हणजे देवीचा कोप, उशाशी कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, अशा घरांत ती काय सांगायची?

ती म्हणाली, पाला काढा असं मी कधी म्हटलंच नाही. पाला राहू दे, लस पण घेऊ. आणि आधी विचारायचं, मागच्या खेपेला काय झालं. कारण ज्या घराने दार लावून घेतलंय, तिथे मागच्या खेपेला काहीतरी झालेलं असतं. ताप येतो, पाय सुजतो, पोर रात्रभर रडतं आणि सुई देणारी बाई दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. त्यांना वाटतं, फसवलं. म्हणून जाताना चार गोष्टी सांगूनच उठायचं: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेवा.

मग आई पारोळ्याच्या एसटीत बसली. तिथे काय झालं ते भावाने मला सांगितलं. आईने लसीचा विषयच काढला नाही. बाळाला मांडीवर घेतलं आणि अहिराणीत म्हणाली, “त्या राती काय व्हयनं वं माय, सांग बरं माले.”

आणि वहिनी रडली. पेंटाच्या तिसऱ्या डोसानंतर बाळ तीन तास थांबतच नव्हतं, मांडी दगडासारखी झाली होती, घरात पुरुषमाणूस नाही, ती एकटी. मोबाइलवरचा व्हिडिओ त्यानंतरचा. आपल्याकडच्या पेंटात डांग्या खोकल्याचा संपूर्ण मारलेला जंतू असतो, त्याने ताप आणि सूज जास्त येते. इथल्या लसीत त्याचे फक्त काही भाग असतात, म्हणून इथली बाळं सहसा कमी कुरकुरतात. हे मला माहीत होतं. तिचं ते तीन तासांचं रडणं मात्र माहीत नव्हतं, कारण मी वेकफिल्ड सांगत बसले होते.

आईने तिला सांगितलं, ही लस वेगळी आहे. हिचा ताप त्या रात्री नाही, आठवड्याभराने येतो, सातव्या-आठव्या दिवशी, कधी बारीक पुरळही येतं. आलं तर घाबरू नकोस, मला फोन कर. क्वचित एखाद्या बाळाला तापात झटका येतो, हेही तिने लपवलं नाही. तसं झालं तर बाळाला कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, लगेच दवाखाना. मला वाटलं होतं, हे ऐकून वहिनी आणखी घाबरेल. ती म्हणाली, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या सत्राला बाळाच्या उजव्या दंडावर लस झाली, सोबत अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. अर्धा तास दोघी तिथेच बसल्या.

आठव्या दिवशी रात्री बाळाला ताप आला. वहिनीने आईला फोन केला. आई सकाळच्या एसटीने गेली, ताप उतरला होता, तरी गेली.

हे शेवटचं मला आईकडून कळलं. वहिनीला मी एक मेसेज टाकलाय, या वेळी एकही आकडा नाही. त्या रात्रीबद्दल विचारलंय. तिने तो वाचलाय, अजून उत्तर आलेलं नाही.