पहिल्या ब्रोकरेजसाठी चार महिने

मी घरविक्रीची एजंट झाले तेव्हा बांधकामातलं मला काहीच कळत नव्हतं. त्याआधी नऊ वर्षं एका औषधाच्या दुकानाचे हिशेब लिहिले. महारेराचं (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं) २० तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, मग १०,००० रुपये फी भरून पाच वर्षांची नोंदणी, हे सगळं सरळ पार पडलं. त्याला घाबरू नका. माझं घोडं अडलं ते सेल्स ऑफिसात.

माझ्या पहिल्या ग्राहक म्हणजे नणंदेच्या ओळखीच्या एक बाई. तीन रविवार त्यांना नव्या प्रकल्पांवर फिरवलं. कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत, हे नकाशावर बोट ठेवून समजावलं. फ्लॅट ठरला, बुकिंग झालं. आणि बिल्डरचा सोर्सिंग मॅनेजर, म्हणजे एजंटांचं काम बघणारा माणूस, म्हणाला, "मॅडम, हे डायरेक्ट लीड आहे. यांच्या मिस्टरांचा नंबर आमच्या सिस्टिममध्ये आधीपासून आहे." म्हणजे ग्राहक थेट बिल्डरकडे आलेला, मला ब्रोकरेज नाही.

त्यांच्या मिस्टरांनी सात महिन्यांपूर्वी एका जाहिरातीवर नंबर टाकला होता. नंतर ना फोन, ना साइट व्हिजिट. तरी टॅगिंग, म्हणजे ग्राहक कुणी आणला याची नोंद, बिल्डरच्या नावावर आणि माझे तीन रविवार पाण्यात! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दर सोमवारी जायचे. कधी मॅनेजर मीटिंगमध्ये, कधी "हेड ऑफिसला पाठवलंय". चॅनल पार्टनरच्या, म्हणजे बिल्डरला ग्राहक आणून देणाऱ्या एजंटच्या, करारावर मी सही केली होती, पण प्रत मागून घेतली नव्हती. ती मिळायलाच तीन आठवडे गेले. सही करताच प्रत हातात घ्या, त्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. त्या करारात स्पष्ट लिहिलं होतं: लीडची मुदत ६० दिवस. मिस्टरांचा नंबर तर सात महिने जुना. मी ते कलम जोडून मेल केला. "आम्ही यांच्यासोबतच आलो," असा मेल बाईंनीही केला. अकराव्या दिवशी मंजुरी आली. मी रिक्षातच रडले.

पैसे मात्र फ्लॅटच्या करारनाम्याची नोंदणी होऊन बाईंचा ठरलेला हप्ता जमा झाल्यावरच मिळाले, टीडीएस कापून. तेव्हा पहिले चार-सहा महिने घर कशावर चालणार, ते आधी ठरवा.

आता मी साइटवर निघायच्या आधीच नवरा-बायको दोघांचे नंबर मेलवर नोंदवते आणि "नोंद झाली" असं उत्तर आल्याशिवाय गाडीत बसत नाही. तोंडी "हो मॅडम"वर विसंबू नका.

एक सांगायचं राहिलं. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा. बुकिंगच्या वेळी बाईंकडे २० टक्के मागितले, तेव्हा मी सगळ्यांसमोर रेरा कायद्याचं कलम १३ दाखवलं होतं. तो मेल त्यांनी का केला, असं नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी माझ्या बाजूने बोललात ना."